हिरवळीवरील फवारा

रायपूरजवळ परसदा येथे वीर नारायण सिंह यांच्या नावाचे क्रिकेटचे विशाल मैदान आहे. सोनाखानच्या या जमीनदाराने १८५६ च्या दुष्काळात कोठारातील धान्य भुकेलेल्यांना वाटले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात इंग्रजांनी त्यास फाशी दिले. त्याच्या नावाच्या या मैदानावर २१ जानेवारी २०२३ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. न्यूझीलंडचा संघ १०८ धावांत गारद झाला व भारताने आठ गडी राखून विजय मिळविला. त्या दिवशी लक्षावधी डोळे चेंडूवर खिळलेले होते. पण चेंडू ज्या गवतावरून धावत होता, त्या गवताकडे किती जणांनी पाहिले असेल?

आपल्याकडील मैदानांवर बहुधा जे गवत दिसते, ते गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वांच्याच कुळातले. शेतकरी त्यास हरळी म्हणतो, आणि शेतात दिसली की मुळासकट उपटून काढतो. तीच हरळी मैदानावर आली म्हणजे मात्र राजकन्येप्रमाणे जपावी लागते. रायपूरकडे वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दमट हवेत आखूड कापलेल्या गवतावर बुरशी चढते, मुळांना हुमणीची अळी लागते, मधूनमधून रुंद पानांचे तण डोके वर काढते. मग औषध फवारणे भाग पडते.

छत्तीसगड हे भाताचे आगर. तेथील धानाच्या बांधावर पाठीवर पंप घेतलेला माणूस नेहमीच दिसतो. भाताला फवारा थोडा कमीअधिक झाला तरी पीक सांभाळून घेते. निदान चूक तत्काळ डोळ्यांत भरत नाही. हिरवळ मात्र काही लपवीत नाही. जेथे औषध दुप्पट पडले तेथे पिवळा पट्टा उमटतो, जेथे पडलेच नाही तेथे रोगाचा डाग राहतो. (सामन्याच्या वेळी दिसणारे फिकट व गडद पट्टे निराळे, ते गवत कापताना पाती आलटून पालटून वाकविल्यामुळे उमटतात आणि ते शोभेचेच असतात.) म्हणून मोठ्या मैदानावर आडव्या दांड्याचे फवारणी यंत्र वापरतात. टाकी, पंप, दाबमापक, आणि मागे आडव्या दांड्यावर समान अंतराने बसविलेल्या तोट्या, एवढाच त्याचा संसार. परंतु या यंत्राची चूकही त्याच्या रुंदीइतकीच मोठी असते.

औषधाच्या डब्यावर हेक्टरी प्रमाण छापलेले असते. यंत्र हेक्टरी किती पाणी टाकते हे ठाऊक नसेल, तर त्या छापील आकड्याचा उपयोग शून्य. ते मोजण्यास फारशी विद्या लागत नाही. पन्नास मीटरची फीत, घड्याळ आणि मोजपात्र एवढे पुरे. मैदानाच्या गवतावरच, डांबरी रस्त्यावर नव्हे, पन्नास मीटरच्या खुणा कराव्यात व टाकी अर्धी भरून नेहमीच्याच गिअरमध्ये यंत्र चालवावे. हे अंतर ४५ सेकंदांत तोडले, तर वेग ताशी ४ किलोमीटर झाला. नंतर यंत्र उभे करून, त्याच दाबावर, प्रत्येक तोटीखाली एकेक मिनिट मोजपात्र धरावे. समजा, १२ तोट्या अर्ध्या अर्ध्या मीटरवर आहेत आणि प्रत्येकीतून १.६ लिटर पाणी मिळाले. एका मिनिटात यंत्र सुमारे ६७ मीटर चालते, दांड्याची रुंदी ६ मीटर. म्हणजे भिजलेली जागा ४०० चौरस मीटर, हेक्टरचा पंचविसावा भाग. पाणी पडले १९.२ लिटर. त्यास पंचविसाने गुणले की हेक्टरी ४८० लिटर. ७० मीटर त्रिज्येच्या मैदानास अशा हिशेबाने सुमारे ७४० लिटर पाणी लागेल. चालकाने घाईने वेग ताशी ५ किलोमीटर केला, तर तेच प्रमाण ३८४ लिटरांवर येते. औषधाचा पाचवा हिस्सा गायब.

येथे पुष्कळ जण एक चूक करतात. फवारा कमी वाटला की दाब वाढवितात. पाणी दुप्पट करावयाचे तर दाब चौपट लागतो, आणि मिळते काय? थेंबांचे धुके, जे वाऱ्याबरोबर शेजारच्या वस्तीत जाते. प्रमाण बदलावयाचे असेल तर तोटीच बदलावी.

मोजताना एखादी तोटी इतरांपेक्षा कमी देत असेल, तर तिची गाळणी तुंबलेली असण्याचा संभव. ती दातांच्या जुन्या ब्रशाने स्वच्छ करावी. तार वा टाचणी घालू नये. छिद्राची कड बिघडते आणि तोंडाने फुंकर घातली तर विष ओठांवर येते. नव्या तोटीपेक्षा दहा टक्के अधिक पाणी देणारी तोटी झिजलेली समजावी, १.६ लिटरची तोटी १.७६ लिटर देऊ लागली की तिची सेवा संपली. अशा वेळी सगळा संचच बदलणे शहाणपणाचे. तोट्यांची उंचीही महत्त्वाची: ११० अंशांचा पंखा असलेल्या तोट्या अर्ध्या मीटरवर असतील, तर दांडा गवतापासून सुमारे अर्धा मीटर उंच ठेवावा. सिमेंटच्या कोरड्या ओट्यावर साधे पाणी मारून पाहिले की दोष कळतो. ओल कोठे लवकर व कोठे उशिरा सुकते, ते पुरे.

यंत्रापेक्षा माणसाची काळजी मोठी, आणि नेमकी तीच शेवटी आठवते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. मैदानावरील चालकास हे धोके नाहीत असे समजणे भाबडेपणाचे आहे. हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, लांब बाह्यांचा सदरा यांची तरतूद औषधाच्या खर्चातच धरली पाहिजे. वारा जोराचा असता किंवा उन्हाळ्याच्या भर दुपारी फवारू नये. पहाटेची अगदी निवांत हवाही फसवी, तीत बारीक थेंब खाली न बसता दूर तरंगत जातात.

काम संपल्यावर टाकी तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुवावी, पंप चालवून ते पाणी नळ्यांतून व तोट्यांतून खेळवावे. ते नाल्यात सोडू नये. त्याच हिरवळीवर फवारून टाकावे. गाळण्या काढून धुवाव्यात, दाबमापकाचा काटा शून्यावर येतो की नाही पाहावे, नळ्यांच्या जोडांवरची गळती नोंदवहीत लिहावी. पावसाळ्यापूर्वी पुन्हा मोजपात्र घेऊन एकेक तोटी तपासावी, गतवर्षीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहून.