चिलटाकडून डासाकडे

डेंगीचे दिवस आले की आपण कुंडीखालच्या थाळ्या उपड्या करतो, कूलर कोरडा करतो, पिंप घासून काढतो. २०१७ साली इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात मात्र लोकांनी आपल्या अंगणात झाकणाच्या बादल्या ठेवून घेतल्या. आत पाणी, थोडं खाद्य आणि एडिस इजिप्ती डासाची अंडी. डेंगी पसरवणारा तोच डास! दर दोन आठवड्यांनी ताजी अंडी.

त्या अंड्यांत एक बिऱ्हाडकरू होता, वोल्बाकिया नावाचा जिवाणू. पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटांत तो सुखाने नांदतो; जगातल्या जवळपास निम्म्या कीटकजातींत तो सापडतो. एडिस इजिप्तीत मात्र निसर्गतः नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट ओनील यांच्या गटाने तो चिलटातून काढून डासाच्या अंड्यांत सूक्ष्म सुईने टोचला. अंडं मिलिमीटरभरही नसतं. हजारो अंडी, कित्येक वर्षं. डासाचं एकही जनुक बदललं नाही. पण ज्याच्या पेशींत वोल्बाकिया स्थिरावला, त्या डासात डेंगीचा विषाणू धड वाढेना.

शहरभर तो पसरवायचा कसा? ते काम जिवाणू स्वतःच करतो, आणि इथे मी दर वेळी थक्क होतो. तो फक्त आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून त्याचं सगळं भलं माद्यांच्या भरभराटीत. तो ज्या नरात असतो त्याच्या शुक्रजंतूंना जणू कुलूप लावतो, आणि किल्ली ठेवतो फक्त वोल्बाकिया असलेल्या अंड्यात. साध्या मादीचा अशा नराशी संग झाला की तिची अंडी फुटतच नाहीत. वोल्बाकियाच्या मादीला कुठलाही नर चालतो, आणि तिची पिल्लं तिचाच जिवाणू घेऊन जन्मतात. पिढीगणिक साध्या डासांचा वंश आटतो, हिचा वाढतो.

योग्याकार्ताचे २४ भाग पाडून, यादृच्छिक निवडीने त्यांतल्या १२ भागांत हे डास सोडले होते. उरलेल्या भागांच्या तुलनेत तिथे डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, डेंगीमुळे रुग्णालयात दाखल होणारे ८६ टक्क्यांनी. प्लेटलेटचा आकडा कळण्याची वाट पाहत रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेल्यांना हा ८६ समजावून सांगावा लागणार नाही.

बादल्या काही महिन्यांतच उचलल्या. वोल्बाकिया तिथल्या डासांत टिकून राहिला, आणि चाचणी संपल्यावर उरलेल्या १२ भागांतही तो पोहोचवला गेला.