स्मृतिभ्रंश, उपस्थाता आणि सामूहिक गायन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला आहे. वमन-विरेचनापूर्वी घर कसे असावे, कोणती भांडी, कोणती द्रव्ये हाताशी असावीत, ही लांबलचक यादी परीक्षेपुरती लक्षात ठेवून आपण पुढे गेलो. त्याच यादीत स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, औषध वाटणारे यांच्याबरोबर गायनात, वादनात आणि कथा-पुराण सांगण्यात कुशल अशी माणसेही रुग्णाजवळ असावीत, असे आचार्यांनी सांगितले आहे. आम्हांस त्याचे स्मरण फार उशिरा झाले, आणि तेही एका रुग्णाच्या पत्नीमुळे.

मुलुंडच्या आमच्या चिकित्सालयात एक निवृत्त गृहस्थ दोन वर्षे ब्राह्मीघृत घेत होते. निदान स्मृतिभ्रंशाचे, मेंदूविकारतज्ज्ञांची औषधे चालू होतीच. दर महिन्यास काकू त्यांना घेऊन येत. आम्ही त्यांचा अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा विचारून नाडी पाहत असू, क्वचित अनुपान बदलत असू. काकूंची झोप कशी आहे हे मात्र दोन वर्षांत एकदाही विचारले नाही. एके दिवशी त्यांचे शेजारी काकांना घेऊन आले. काकू न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. काका रात्री उठून दाराची कडी काढतात, म्हणून त्यांना कित्येक महिने सलग झोप मिळाली नव्हती. चिकित्सेचे चार पाद आपण सारे जाणतो. उपस्थाता हा त्यांतील एक. तो दक्ष, शुची, अनुरक्त आणि उपचार जाणणारा असावा, हेही जाणतो. आमच्या उपस्थातीत हे चारही गुण होते. तिचे स्वतःचे धातू क्षीण होत आहेत, एवढेच आम्ही पाहिले नाही.

बऱ्या झाल्यावर काकू त्यांना इमारतीतील भजनीमंडळात घेऊन जाऊ लागल्या, कारण घरी एकटे ठेवणे शक्य नव्हते. पत्नीचे नाव न आठवणाऱ्या त्या गृहस्थांनी तेथे लहानपणचा अभंग शेवटच्या चरणापर्यंत अचूक म्हटला. ते ऐकून आम्ही स्वतः जाऊन बसलो. आम्हांस अधिक जाणवला तो काकूंचा चेहरा. त्या तासाभरात त्या राखण करीत नव्हत्या, शेजारी बसून गात होत्या.

असे का होत असावे? शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे दिली आहेत. त्यांत अभ्यास आणि पुन्हा ऐकणे ही दोन आहेत. तेथील प्रसंग तत्त्वस्मृतीचा, मोक्षमार्गाचा आहे. तो ओढून-ताणून व्याधिचिकित्सेस लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तरीही जे शेकडो वेळा ऐकले आणि म्हटले, ते सर्वांत शेवटी जाते, हा अनुभव त्याच्याशी जुळतो खरा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, परिचित संगीताच्या स्मरणाशी निगडित भाग अल्झायमरच्या व्याधीत तुलनेने कमी झिजतात असे आढळले.

परदेशी याची रीतसर घडी बसली आहे. इंग्लंडमधील न्यूबरी येथे 2003 मध्ये रुग्ण व सांगाती यांनी मिळून गाण्याचा उपक्रम सुरू झाला; पुढे अल्झायमर्स सोसायटीने तो देशभर नेला. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे 2014 पासून अशा जोड्यांचे गायनवृंद उभे राहिले. फिनलंडमध्ये 89 जोड्यांवर झालेल्या अभ्यासात काहींना दहा आठवडे गाणे दिले, काहींना केवळ ऐकणे, तर काहींची नेहमीची शुश्रूषा चालू ठेवली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णाची मनःस्थिती गाण्याने आणि ऐकण्याने, दोहोंनी सुधारली. सांगात्याच्या स्वास्थ्यात फरक पडला तो मात्र गाण्याने. आमच्या मते वैद्याने ध्यानी ठेवण्याजोगी गोष्ट हीच. गोव्यातही 81 कुटुंबांवरील एका प्रयोगात प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केल्यावर शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गाणे नव्हते; पण उपस्थात्याकडे लक्ष देणे हीदेखील चिकित्साच आहे, हे त्यावरून दिसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. 2018 च्या कॉक्रेन समीक्षेनुसार संगीतोपचाराने रुग्णाचे औदासीन्य बहुधा कमी होते, पण बुद्धी-स्मृतीवर परिणाम नगण्य, आणि चिडचिड-आक्रमकतेवर नाहीच. अभंग आठवला म्हणून घरच्यांच्या आशा पालवतात. त्या वेळी स्पष्ट बोलण्याचे कर्तव्य आपले असते.

आपल्या उपनगरांत यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत भजनीमंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. त्यांना थोडे वळण द्यावयाचे आहे. पहिली बाब पट्टीची. आपली मंडळे चढ्या सुरात गातात. वृद्ध कंठास तो झेपत नाही आणि सांगातीही गप्प बसतो. पेटी दोन-तीन पट्ट्या खाली घ्यावी. झांजांचा कल्लोळ श्रवणयंत्र लावणाऱ्यास असह्य होतो. तेथे चिपळ्या पुरेत. (कानात मळ साचलेला नाही ना, हे आधी पाहावे, आमचे एक ‘न गाणारे’ आजोबा त्यानंतर गाऊ लागले.) पुस्तक देऊ नये, मोठ्या अक्षरांतील एकेक पान द्यावे. वेळ सकाळी अकराची बरी, कारण दिवेलागणीस अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते. जागा तळमजल्यावर, शौचालय जवळ. आणि ‘हे गाणे कोणाचे, ओळखा पाहू’ असा प्रश्न कोणीही विचारू नये. परीक्षा घेतली की रुग्ण मिटतो आणि सांगाती ओशाळतो.

निवड रुग्णाच्या बालपण-तारुण्यातून करावी. आज ऐंशीच्या घरात असलेली माणसे 1955-56 मध्ये शाळेत जाणारी मुले होती. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची 56 गीते आठवड्यास एक याप्रमाणे तेव्हाच प्रसारित होत होती. ती अनेकांच्या कानात अजून आहेत. परवचा, मनाचे श्लोक, हरिपाठ यांचेही तसेच. घाटकोपर-बोरिवलीकडील गुजराती कुटुंबांत नरसिंह मेहतांची प्रभातिये किंवा नवकार मंत्र हेच काम करतील. त्यांना अभंग शिकवू नये. देवाधर्माची ओढ नसलेल्यास जुनी चित्रपटगीते द्यावीत.

औषधालयचालक बंधूंकडे यात वैद्यापेक्षाही मोक्याची जागा आहे. सारस्वतारिष्टाची बाटली दरमहा कोण नेते, त्या व्यक्तीचा चेहरा कसा उतरत चालला आहे, हे काउंटरवरून दिसते. तेथेच दोन शब्द विचारावेत, जवळच्या मंडळाचा दिवस-वेळ सांगावी. मात्र ‘स्मृतिभ्रंशावर हमखास’ अशी पाटी लावू नये. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार समाविष्ट आहेत, आणि कायदा नसता तरी ती पाटी खोटीच ठरली असती. चालू असलेली आधुनिक औषधे परस्पर बंद करण्याचा सल्लाही देऊ नये.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते, आणि आपल्याकडे ते घर पुष्कळदा दोन खोल्यांचे असते. आम्ही आता अशा प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर उपस्थात्याचे नाव लिहितो आणि त्याखाली त्याची निद्रा, क्षुधा, रक्तदाब नोंदवतो.

काकांचे शब्द गेल्या वर्षी थांबले. ते आता गुणगुणतात आणि चिपळ्या धरतात, कधी ताल चुकतो. एका मंगळवारी त्यांना ताप होता. मुलगा घरी राहिला आणि काकू एकट्याच आल्या. पेटीवाल्यांनी त्यांच्यासाठी पट्टी खाली घेतली आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली.