चढलेली आणि उतरलेली

मद्याचा पहिला घाला लक्षावर पडतो. पाय लटपटण्याची, जीभ जड होण्याची वेळ बरीच पुढची. एका वेळी एकच सोपे काम असेल, तर थोडी प्यालेला तरुण ते निभावून नेतो. दोन गोष्टींकडे एकदम बघायचे झाले की घोटाळा सुरू होतो, आणि वाहन चालवताना तर नेमके तेच करायचे असते.

1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बास्केटबॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या अनेक प्रेक्षकांना, खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. 2006 मध्ये हीच चित्रफीत मद्य दिलेल्यांना दाखवली गेली. त्यांच्यात गोरिला दिसणाऱ्यांचे प्रमाण न प्यालेल्यांच्या निम्म्यावर आले. त्यांच्या 100 मिलिलिटर रक्तात मद्य होते जेमतेम 40 मिलिग्रॅम. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा 30 ची आहे.

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी 1990 मध्ये लक्षाच्या अशा आकसण्याला मद्यजन्य ऱ्हस्वदृष्टी म्हटले. जवळचे आणि ठळक तेवढे दिसते, परिणाम धूसर होतात. एखादा टोमणा म्हणूनच हाणामारीपर्यंत जातो.

मद्यामुळे चेतापेशींना शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव वाढतो आणि त्यांना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा घटतो. आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो, आणि नेमका तोच यात ढिला पडतो. भराभर प्यायल्यास स्मृती नोंदवणारा हिप्पोकॅम्पसही बंद पडतो: माणूस बोलतो, हसतो, सकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही.

'उतरली' हा शब्द मात्र फसवा आहे. रक्तातले मद्य घटू लागले की हालचालींचा वेग बऱ्यापैकी परततो, झिंगही ओसरल्यासारखी वाटते. चुका मात्र तितक्या लवकर कमी होत नाहीत. गाडीची किल्ली मागितली जाते ती याच वेळी. यकृत 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या गतीने मद्य हटवते. मध्यरात्री 90 असेल, तर शून्यावर यायला सकाळचे सहा वाजतात. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. शून्यावर आल्यानंतरही हँगओव्हर असेपर्यंत लक्ष टिकवणे जडच जाते.