दूरचे बोलणे स्वस्त कसे झाले?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याभोवती क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे कामासाठी आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर जवळ असल्याने त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. पुढे या कुटुंबांतील मुले शिकून पुण्या-बंगळूरला आणि तेथून परदेशी गेली. परिणामी भिलाईत असे घर सहज आढळते, की ज्याचे जिवलग तीन-चार गावी विखुरलेले आहेत. अशा घराला दूरध्वनीचा दर ही किरकोळ बाब नसते.

पूर्वी परगावी बोलावयाचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तास न् तास वाट पाहावी लागे. ग्राहकाने स्वतःच क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय आपल्या देशात प्रथम १९६० साली लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान झाली. नंतर पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. केंद्रे गल्लोगल्ली निघाली. तेथील यंत्रावर लाल आकडे सरसर चढत. बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष आईच्या शब्दांकडे व अर्धे त्या आकड्यांकडे असे. रात्री दर उतरत असल्यामुळे केंद्रांसमोर रांगा लागत त्या जेवणानंतर.

हे बोलणे एवढे महाग का होते? जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामधील संपूर्ण मार्ग संभाषण संपेपर्यंत त्यांच्यासाठीच राखून ठेवला जाई. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. मध्येच दोघेही गप्प राहतात. तरीही मार्ग अडलेलाच! एका प्रवाशासाठी भिलाई ते नागपूर एक रूळमार्ग मोकळा ठेवावा, त्यातलाच हा प्रकार. मात्र सारा दोष यंत्रांच्या माथी मारणे योग्य नव्हे. स्थानिक सेवेचा तोटा दूरच्या संभाषणांवर जास्त आकार लावून भरून काढण्याचे धोरण होते, आणि परदेशी संभाषणांची मक्तेदारी २००२ सालापर्यंत विदेश संचार निगम या एकाच संस्थेकडे होती.

आंतरजालावर आवाज निराळ्या रीतीने जातो. दूरध्वनीसाठी आवाजाचे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा घेतले जाते व प्रत्येक माप एका बाइटमध्ये लिहिले जाते. सेकंदाच्या पन्नासाव्या भागातील अशी १६० मापे एकत्र बांधली की त्यांची एक पुडी होते. पुडीवर पत्ता, क्रमांक व वेळ लिहिण्यास आणखी ४० बाइट लागतात. अशा पन्नास पुड्या दर सेकंदाला निघतात. त्यांच्यासाठी कोणताही मार्ग राखलेला नसतो. पत्रांच्या, चित्रांच्या आणि इतर हजारो माणसांच्या पुड्यांच्या गर्दीतूनच त्या वाट काढतात आणि पलीकडे क्रमाने लावल्या जाऊन पुन्हा आवाज होतात. आवाज दाबून लहान करण्याच्या काही पद्धतींत तर पुडीतील मजकूर अवघा २० बाइटचा उरतो. म्हणजे चार ओळींच्या पत्रावर आठ ओळींचा पत्ता!

आता हिशेब करून पाहू. आवाज मुळीच दाबला नाही, तर मिनिटभराच्या संभाषणास दोन्ही दिशांना मिळून सुमारे १.२ मेगाबाइट लागतात. १ गिगाबाइटमध्ये अशी सुमारे चौदा तासांची बातचीत होते. वरील लहान पुड्या वापरल्यास तीच सेहेचाळीस तासांपर्यंत जाते. विशेष हे, की पलीकडचा माणूस नागपुरात असो वा न्यूयॉर्कमध्ये, या हिशेबात फरक पडत नाही. अंतरानुसार आकार लावण्याची प्रथाच येथे मोडून पडली.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील आर्पानेट या संगणकजालावर १९७४ सालीच अशा तऱ्हेने आवाज पाठविण्याचे प्रयोग झाले होते. सर्वसाधारण ग्राहकांसाठी आज्ञावली १९९५ साली बाजारात आली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात आंतरजाल जनतेस खुले झाले. परंतु त्यावरून दूरध्वनी करण्यास येथे १ एप्रिल २००२ पर्यंत मनाईच होती. २००३ साली निघालेल्या स्काइपने परदेशस्थ मुलांचे चेहरे घरोघरी आणले. ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. तोवर तिची जागा हातातील भ्रमणध्वनीने कधीच घेतली होती. व्हॉट्सअॅपवर बोलण्याची सोय २०१५ साली व चेहरा पाहत बोलण्याची २०१६ साली आली.

मग आज बचत नेमकी कोठे होते? देशांतर्गत संभाषणांत ती आता फारशी उरलेली नाही. २००६ साली भारत संचार निगमाने देशभर मिनिटाला एक रुपया असा दर आणला, आणि आता तर बहुतेक मासिक योजनांत देशातील बोलणे अंतर्भूतच असते. परदेशी संभाषणांत मात्र बचत मोठी आहे. पण त्यासाठी दोन्ही टोकांना आंतरजाल व तीच सेवा हवी. पलीकडे साधा दूरध्वनी असेल, उदाहरणार्थ परदेशातील एखादे रुग्णालय किंवा बँक, तर आंतरजालावरून आलेला आवाज तेथील दूरध्वनी कंपनीच्या तारेवर उतरवावा लागतो आणि ती कंपनी त्याचे मोल घेते. म्हणून अशा सेवा मिनिटागणिक आकार लावतात, आणि तो देशादेशांत भिन्न असतो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या काही देशांत तर आंतरजालीय संभाषणांवर निर्बंधच आहेत. दुबईला मुलगा असलेल्या घराने हे आधी जाणून घ्यावे.

स्वस्ताईबरोबर काही उणिवाही येतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ अंतराने सुमारे १३,००० किलोमीटर धरला, तरी केवळ प्रवासास ६५ मिलिसेकंद लागतात. समुद्रतळाच्या तारांचा प्रत्यक्ष मार्ग याहून लांबचा. एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर तो सहसा जाणवत नाही. त्यापुढे गेला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात आणि विनाकारण रुसवे होतात. उशिरा पोचलेली पुडी निरुपयोगी म्हणून टाकूनच दिली जाते. ‘आवाज तुटतोय’ ही तक्रार येते ती यामुळे.

जुन्या तारेच्या दूरध्वनीस वीज केंद्राकडूनच मिळत असे. घरातील दिवे गेले तरी तो चाले. आंतरजालाच्या राउटरला घरचीच वीज लागते. शिवाय व्हॉट्सअॅपसारख्या सेवांवरून ११२ हा संकटकालीन क्रमांक लावता येत नाही. यासाठी वृद्ध माणसे एकटी राहतात त्या घरी साधा भ्रमणध्वनी चालू ठेवणे आवश्यक आहे.

आणि घड्याळाचे अंतर कोणत्याच पुडीने कमी होत नाही. भिलाईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेदहा झालेले असतात. एके काळी दर उतरण्याची वाट पाहत जागणारी आई आता मुलाला कामातून उसंत केव्हा मिळेल, याची वाट पाहते.