करप्याचे दोन गट, एकत्र आले तरी वेगळे

बटाटा-टोमॅटोवरच्या उशिरा येणाऱ्या करप्याचा रोगजंतू कुठे मिलनातून वाढतो आणि कुठे नुसत्या प्रती काढतो, यावर शेतकऱ्याचे पुढचे पाऊल ठरते.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून काही वर्षे बटाट्यावर करपा पडत राहिला. उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या साथींनी सुमारे दहा लाख माणसे गेली. या रोगजंतूचे आजचे नाव, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, अँटोन डी बारी यांनी १८७६ साली दिले. तो दिसतो बुरशीसारखा, पण त्याचे नाते तपकिरी शेवाळांशी जवळचे आहे.

एरवी तो मिलनाशिवायच वाढतो. थंड, दमट हवेत पानाखाली पांढरी लव येते, बीजाणू वाऱ्यावर पसरतात आणि आठवड्याभरात नवे डाग दिसतात. ही सगळी संतती मूळ जंतूची प्रत असते. तिला तग धरायला जिवंत झाड किंवा बेण्यातला रोगट बटाटा लागतो.

दुसरा मार्ग मिलनाचा आहे. त्यासाठी सहसा ए१ आणि ए२ असे दोन गट भेटावे लागतात. १९५०च्या दशकात मेक्सिकोत दोन्ही गट आढळले. तिथल्या तोलुका खोऱ्यात ते आजही शेजारी शेजारी नांदतात. बाकी जगात मात्र दीर्घकाळ ए१च होता. १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ए२ सापडला आणि पुढे तो अनेक देशांत दिसू लागला.

या दोघांचा संवाद रसायनांतून चालतो. हरितद्रव्याचा घटक असलेल्या फायटॉलपासून ए२ एक संप्रेरक बनवतो. ए१ त्याच संप्रेरकात बदल करून दुसरे तयार करतो. प्रत्येकाचे संप्रेरक समोरच्या गटाला मिलनासाठी उद्युक्त करते. या संप्रेरकांची रचना जपानी शास्त्रज्ञांनी उलगडली.

नर-मादी नव्हेत

ए१ म्हणजे नर आणि ए२ म्हणजे मादी, असा हिशेब इथे चालत नाही. शेतातून वेगळ्या केलेल्या एकाच नमुन्यात नर आणि मादी दोन्ही अवयव तयार होऊ शकतात. कुणाचा कल नराकडे जास्त, कुणाचा मादीकडे. मिलनातून तयार होणारे जाड कवचाचे सुप्त बीजाणू एका जोडीतून भरपूर मिळतात, दुसरीतून मोजकेच, आणि त्यातलेही सगळे रुजत नाहीत. जोडीदाराशिवाय असे बीजाणू बनवणारे नमुनेही आढळले आहेत. म्हणून प्रयोगशाळेच्या बशीत दोन गट जुळले, एवढ्यावरून शेतातले चित्र सांगता येत नाही.

युरोपातच याचा पुरावा आहे. नेदरलँड्स आणि उत्तरेकडच्या देशांत मिलन खरोखर होते आणि सुप्त बीजाणू जमिनीत काही वर्षे जिवंत राहतात. तिथे वर्षाआड बटाटा घेणाऱ्याच्या रानात करपा लवकर उतरतो, कारण रोगाचा साठा मातीतच असतो. ब्रिटनमध्येही दोन्ही गट आले. पण २००५ नंतरच्या काही वर्षांत तिथे पसरला तो मुख्यतः १३_ए२ हा एकच वंश, आणि तोही प्रती काढत. मेटॅलॅक्झिल या करप्यावरच्या औषधाला तो दाद देत नाही.

हाच वंश भारतातही पोहोचला. २०१०च्या आसपास दक्षिण-पश्चिम भारतात टोमॅटोवर आणि नंतर पश्चिम बंगालमध्ये बटाट्यावर त्याने मोठे नुकसान केले.

उपाय कशावर ठरवायचा?

प्रतींनी पसरणाऱ्या रोगात निरोगी बेणे, रोगट झाडांचा नाश आणि त्या वंशावर चालणारे औषध यांना महत्त्व. मिलन सुरू झाले की पिकाची लांब फेरपालटही लागते, शिवाय नव्या जनुकीय जुळणीतून रोगप्रतिकारक वाणावर मात करणारा जंतू निपजण्याची शक्यता वाढते. म्हणून करपा दिसला की फवारणीचा सल्ला देऊन थांबू नये. टोमॅटो-बटाट्याच्या पट्ट्यांतून दर हंगामात नमुने तपासले जावेत, त्यांचा गट आणि वंश नोंदवला जावा आणि ही नोंद पुढच्या लागवडीआधी शेतकऱ्याच्या हाती पडावी. औषधावरचा खर्च त्याच्या खिशातून जातो. नेमक्या कोणत्या जंतूशी गाठ आहे, हे जाणून घेण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे.