सशाच्या कानातील खरूज

अंधेरी, घाटकोपर भागात आपले काही बांधव ससे पाळून विकतात. आम्ही कापडवाले, थानात डाग असला तर गिऱ्हाइकाला आधी दाखवतो, कारण ऐब लपवून माल विकणे जायज नाही. सशाचा ऐब मात्र कानात दडलेला असतो.

ससा सारखी मान झटकू लागला, पायाने कान खाजवू लागला, की कान उलटून पाहावा. आत तपकिरी, पापुद्र्यांसारख्या खपल्या असतील तर ती बहुधा 'सोरोप्टिस' या किड्याची खरूज. खपली भिंगाखाली धरली की किडे हलताना दिसतात.

खपल्या ओढून काढू नयेत. खालची कातडी सोललेली असते, मुक्या जनावराला फार वेदना होतात. औषध लागू पडले की त्या आपोआप गळतात. पशुवैद्य वजन पाहून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात. अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. कुत्र्यासाठी आणलेले फिप्रोनिल सशाला मुळीच लावू नये, जीव जाऊ शकतो.

सोबतच्या सर्व सशांवर उपचार करावा, पिंजरा धुऊन काढावा. परळचे बैलघोडा हॉस्पिटल लांब पडत असेल तर जवळचा पशुवैद्य गाठावा, आणि त्याने कान साफ झाल्याचे सांगेपर्यंत ससा विक्रीला काढू नये.