संयोजना-फाइलींचे योग्य स्थान

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• युनिक्ससदृश प्रणालीतील संयोजना-फाइलींची तीन स्थाने ओळखता येतील;
• कोणता बदल कोठे करावा, हे ठरविता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजीमार्गे खोपोलीस जाणाऱ्या गाडीचा विचार करा. वेळापत्रक रेल्वे छापते. ऐनवेळचा बदल स्थानकावर जाहीर होतो आणि तो सर्व प्रवाशांना लागू असतो. आपल्या सोयीची गाडी मात्र आपण स्वतःच्या वहीत टिपतो. ही टीप वेळापत्रकाच्याच पानावर लिहिली, तर नवी आवृत्ती येताच ती जुन्या पानांसह जाते. संगणकातही नेमके हेच घडते.

विषय-विवेचन
एखाद्या प्रोग्रॅमने कोणती भाषा, कोणता फॉन्ट, कोणती वेळ वापरावी, हे सांगणारी फाइल म्हणजे संयोजना-फाइल. ती बहुधा साध्या मजकुराची असते. तिची स्थाने तीन.

(अ) निर्मात्याचे स्थान : ‘यूएसआर’ या निर्देशिकेत प्रोग्रॅमबरोबर आलेली मूळ सामग्री असते. अद्ययावतीकरणात ती बदलली जाते; म्हणून तिला हात लावू नये.

(आ) संगणकाचे स्थान : ई, टी, सी या तीन अक्षरांची ‘एट्सी’ ही निर्देशिका. त्या एका संगणकापुरते, पण त्याच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होणारे निर्णय येथे असतात. फाइलव्यवस्थेचे प्रमाणीकरण १९९३ मध्ये सुरू झाले. त्याच्या २०१५ च्या ३.० आवृत्तीनुसारही येथे चालविण्याजोगे प्रोग्रॅम ठेवावयाचे नसतात. उदाहरणार्थ, जगभरच्या कालविभागांची माहिती ‘यूएसआर’मध्ये असते, ‘या संगणकाने कोलकात्याचा कालविभाग पाळावा’ ही निवड ‘एट्सी’मध्ये असते. येथे बदल करण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो.

(इ) वापरकर्त्याचे स्थान : प्रत्येकाच्या गृहनिर्देशिकेतील, नावाआरंभी बिंदू असलेली ‘.कॉन्फिग’ ही निर्देशिका. बिंदूमुळे ती एरवी यादीत दिसत नाही. सामान्यतः येथील निवड संगणकाच्या निवडीवर मात करते. मात्र ती एकाच वापरकर्त्यापुरती असते.

आता आपल्या विषयाशी निगडित उदाहरण पाहू. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून भिन्न आहेत. समजा, कर्जतमधील एखाद्या सामायिक लिनक्स संगणकावर आपण गृहपाठ लिहीत आहात आणि अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. फॉन्टची मुख्य फाइल ‘एट्सी’मध्ये असली, तरी तिच्या आरंभीच सूचना असते : ही फाइल संपादित करू नये, अद्ययावतीकरणात ती बदलली जाईल. स्थानाबरोबर फाइलीचा मालक कोण, हेही पाहावे लागते, ते यासाठीच. सर्वांसाठी मराठी वळणाचा फॉन्ट हवा असल्यास प्रशासकाने शेजारच्या ‘लोकल’ नावाच्या फाइलीत तसे नोंदवावे. केवळ स्वतःसाठी हवा असल्यास आपण ती नोंद आपल्या ‘.कॉन्फिग’मध्ये करावी. त्यामुळे त्याच संगणकावर खालापूरहून येऊन हिंदीचा अभ्यास करणाऱ्या सहाध्यायाची अक्षरे बिघडत नाहीत आणि आपली निवडही टिकते.

सारांश
बदल कोणासाठी आहे, हा पहिला प्रश्न. तो अद्ययावतीकरणानंतर टिकेल काय, हा दुसरा. या दोहोंच्या उत्तरांतून फाइलीचे स्थान निश्चित होते.

स्वयंअध्ययन प्रश्न
१. ‘यूएसआर’मधील फाइल स्वतः का बदलू नये?
२. सामायिक संगणकावर केवळ आपल्यासाठी फॉन्ट बदलावयाचा असल्यास नोंद कोठे कराल? कारण द्या.